सवलत देताय, पण सांगितलीय का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख गाळून:

मी ५९ वर्षांची. कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला असलेल्या एका उपनगरात आमचं दोन मजली घर आहे. खाली मी एकटी राहते. वरच्या दोन खोल्या-किचन जून २०१८ पासून एका कुटुंबाला भाड्याने दिलंय. तेव्हा यजमानांनी स्टॅम्पपेपरवर नोटरी करून अकरा महिन्यांचा करार केला होता. तो संपला, पुन्हा केला नाही. भाडं तेव्हा सात हजार, आजही सात हजार. डिपॉझिट वीस हजार. २०१९ च्या महापुरात खाली पाणी शिरलं तेव्हा आम्ही दोघं त्यांच्याकडे वर राहिलो, २०२१ लाही तेच. २०२२ मध्ये यजमान गेले. त्यांच्या आजारपणात वरच्या बाईने डबे दिले, तिचा नवरा रात्री दवाखान्यात थांबायचा. तो शिरोलीच्या एका फौंड्रीत होता. यंदा उन्हाळ्यात काम सुटलं आणि चार महिन्यांचं भाडं थकलं. दसऱ्यापासून कागलला कामाला लागलाय, चालू भाडं येतं, पण मागचं कुणी काढत नाही. त्यांची मुलगी दहावीला आहे. माझा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, "पाणी बंद कर, आपोआप जातील. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून चौदा हजार सहज मिळतील." शेजारी म्हणतात, बारा वर्षं झाली की घर त्यांचंच होणार. लेक गडहिंग्लजला दिलीय, तिला यात ओढलेलं नाही. मी माणुसकी धरू की पैसा? हल्ली जिन्यात गाठ पडली की मीच नजर चुकवते.

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न जरा बाजूला ठेवू, आधी एक हिशेब मांडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा भाडेकरूच्या बाजूचा कायदा म्हणून ओळखला जातो. तोसुद्धा घरमालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा देतो. नुसती तेवढीच वाढ धरत गेलं असतं तर सात हजाराचे सात वर्षांत साधारण नऊ हजार दोनशे झाले असते. म्हणजे आज तुम्ही महिन्याला बावीसशे रुपये सोडताय. शिवाय थकलेले अठ्ठावीस हजार. हे पैसे सोडलेत ते तुम्हाला ठाऊक आहे, मुलाला ठाऊक आहे, आता मलाही ठाऊक झालं. ज्यांच्यासाठी सोडलेत, त्यांनाच ठाऊक नाही! त्यांच्या लेखी त्या खोल्यांचं भाडंच सात हजार आहे.

तुमची अडचण इथे आहे असं मला वाटतं. सवलत हवी तेवढी द्या, घर तुमचं आहे. पण आकडा सांगून द्या. न सांगता दिली की समोरच्याला तो हक्काचा दर वाटतो, आणि देणाऱ्याच्या मनात दर महिन्याला थोडी चीड साठत राहते. मग एके दिवशी पाणी तोडायच्या गोष्टी सुरू होतात, आणि वरच्यांना कळतच नाही की कालपर्यंत चांगलं वागणाऱ्या बाईला आज झालं काय.

आता दुसरी बाजूही बघा. त्यांच्याही मनात एक वही असणार. दोन पुरांत तुम्ही ज्या मजल्यावर राहिलात तो तुमच्या मालकीचा असला, तरी त्याचं भाडं ते भरत होते. आपल्या संसारातली एक खोली त्यांनी तुम्हाला काढून दिली. डबे, दवाखान्यातल्या रात्री, याचा त्यांनी कधी उल्लेख केला नसेल, पण चार महिने भाडं थकलं तेव्हा "काकू समजून घेतील" असं त्यांना का वाटलं असेल, ते यातच आहे. त्यांना मी लबाड म्हणणार नाही. दोन्ही मजल्यांवर हिशेब चालू आहे आणि बोलत कुणीच नाही.

पाण्याचं आधी निकालात काढते, कारण ते तातडीचं आहे. पाणी बंद करायचं नाही. वीजही नाही, जिन्याला कुलूपही नाही. अत्यावश्यक सेवा तोडणं हा याच कायद्याने गुन्हा आहे. भाडेकरू न्यायालयात गेला तर पुरवठा जोडून द्यायचा हुकूम होतो आणि घरमालकाला शिक्षाही होऊ शकते. भाडं थकलेलं असलं तरी त्याने फरक पडत नाही. आज बाजू तुमची आहे. नळाचा कॉक फिरवलात की त्याच दिवशी ती त्यांची होईल. मुलाला हे स्पष्ट सांगा. फोनवर सल्ला देणारा तो असेल, पण पोलीस ठाण्यात तुम्हाला बसावं लागेल.

शेजाऱ्यांच्या बारा वर्षांचंही ऐकू नका. बारा वर्षांची गोष्ट कायद्यात आहे, पण ती मालकाच्या परवानगीशिवाय, त्याचा हक्क नाकारून जागेवर बसलेल्या माणसाची. भाडं देऊन राहणारा माणूस तुम्हाला मालक मानूनच राहतो, भाड्याचा प्रत्येक हप्ता हा त्याचा पुरावा आहे. बारा काय, वीस वर्षं राहिला तरी भाडेकरू मालक होत नाही. या भीतीपोटी दर अकरा महिन्यांनी चांगली बिऱ्हाडं हुसकावणारे घरमालक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

खरा धोका वेगळा आहे, आणि त्याकडे तुमच्या घरात कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. तुमच्या हातात धड कागद नाही. नोटरी केलेला अकरा महिन्यांचा स्टॅम्पपेपर म्हणजे पक्का करार, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या नियमावरून 'अकरा महिने' रूढ झाले. पण मार्च २००० पासून लागू झालेल्या भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आपल्या राज्यात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो सहा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिक्षेपेक्षा मला त्याच कलमातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि ते खोडून काढायचं काम घरमालकावर येतं. उद्या वरच्यांनी सांगितलं, "आम्ही कायमचे भाडेकरू, यजमानांनी शब्द दिला होता", तर यजमान सांगायला नाहीत आणि कागद बोलत नाही.

याउलट नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स असला की मुदत संपल्यावर जागा सोडणं बंधनकारक असतं. नाही सोडली तर दुप्पट दराने नुकसानभरपाई, आणि दावा दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं न रेंगाळता सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे अशाच प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे चालतो. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज, या रकमेच्या पाव टक्का. तुमच्या घराला अकरा महिन्यांसाठी अडीचशे-तीनशे रुपये होतील. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन नोंदणी करून देणारे एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतात, त्यांची फी वेगळी. ती आणि बाकीचा खर्च दोघांत निम्मा-निम्मा वाटून घेतात, आधी ठरवून घ्या.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. घर कुणाच्या नावावर आहे? यजमानांच्या असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, मुलगा आणि लेक असे तिघं सारखे वाटेकरी आहात. म्हणजे मुलाचं मत हा नुसता पुण्याहून आलेला सल्ला नाही, एका मालकाचं म्हणणं आहे. ते पटो न पटो, त्याच्याशी बसून बोलावंच लागेल. आणि जिला "यात ओढलेलं नाही" म्हणता ती लेकही तेवढीच मालक आहे. तिला न विचारता भाडं वाढवणं, बिऱ्हाड हलवणं बरं नव्हे. शिवाय माहेरच्या घराबद्दल तिला काय वाटतं, ते ऐकायला काय हरकत आहे? तिघांचं एकमत कदाचित तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर होईल. अशा घरांत पाहिलंय, भांडण आकड्याचं नसतं, आपल्याला विचारलं नाही याचं असतं.

मुलाच्या चौदा हजारांकडे वळू. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम इथे आलं, वकील मंडळी जागा शोधू लागली, हे खरं. पण त्यांना जागा हवी ती सीपीआर रुग्णालयाजवळच्या न्यायालयापासून पायी जाता येईल अशी. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, शाहूपुरी, फार तर राजारामपुरी. नदीच्या बाजूच्या उपनगरातल्या वरच्या मजल्याला तो भाव लागेलच असं नाही. जाहिरातीत मागितलेलं भाडं आणि हातात पडलेलं भाडं यांत फरक असतो, हे तर तुम्हाला मी सांगायला नको.

समजा अकरा हजारांचा गिऱ्हाईक मिळाला. चार हजार जास्त, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. आता वजा करत जा. जुनं बिऱ्हाड जाऊन नवं येईपर्यंत दोन महिने जागा रिकामी राहिली तर बावीस हजार गेले. एजंट एक महिन्याचं भाडं घेतो, अकरा हजार. सात वर्षांनी रंग, नळ, संडासाची दुरुस्ती करावीच लागेल, ते वीस-पंचवीस हजारांच्या आत होत नाही. पहिलं वर्ष संपताना हातात काहीच उरत नाही, उलट पदरचे गेलेले असतात. फायदा दुसऱ्या वर्षापासून, तोही नवा माणूस टिकला तर. त्याच्याऐवजी आहेत त्यांच्याकडूनच नऊ हजार घेतले तर पहिल्या महिन्यापासून दोन हजार जास्त येतात आणि एक दिवस जागा रिकामी राहत नाही.

विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर देण्याचा विचार असेल तर तो मला तुमच्यासाठी योग्य वाटत नाही. सागरमाळ, राजेंद्रनगर, विद्यापीठाच्या आसपास हा धंदा चालतो, पण तिथले घरमालक तो धंदा म्हणूनच करतात: दर जूनला नवी मुलं, मे महिन्यात रिकाम्या खोल्या, प्रत्येकाच्या पालकांचा फोन, रात्री अकराला बाईक. एकट्या बाईने साठीत हे अंगावर घ्यावं, असं मी म्हणणार नाही. (आणि कुणालाही ठेवा, पण 'फक्त शाकाहारी' अशी पाटी लावू नका. कोल्हापुरात ती पाटी पावसाळ्यापर्यंत तशीच राहील.)

तर माझं मत: हेच कुटुंब ठेवा, पण कागद नवा करा आणि आकडे उघड करा. दुसरा मार्ग, मे अखेरपर्यंत जागा सोडायला सांगण्याचा. तो वाईट नाही आणि त्यात अमानुष असंही काही नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, एप्रिल-मे त्यांना जागा शोधायला मिळतो, पावसाच्या आत सामान हलतं. मुलगा आणि लेक दोघंही त्याच मताचे असतील तर हा मार्ग घ्या, पण तोही आत्ताच सांगून, लिहून. फेब्रुवारीत अचानक नको.

बोलणं कसं काढायचं, हे तुम्हाला सगळ्यात अवघड वाटतंय ना? जिन्यात नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बाईलाही नाही. रविवारी सकाळी नवरा-बायको दोघांना खाली चहाला बोलवा आणि कागद समोर ठेवून बोला. तुमची भाषा तुमची, पण साधारण असं: "बाळ, सात वर्षं आपण तोंडी चालवलं. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते मी विसरलेली नाही. पण आता हे घर तिघांचं आहे, मला मुलांना हिशेब द्यावा लागतो. आज बाहेर या जागेला दहा-अकरा हजार मागतात. कायद्याच्या वाढीने नऊ हजार दोनशे होतात. मी तुमच्याकडून नऊ हजार घेणार आहे, जानेवारीपासून. आणि मागचे अठ्ठावीस हजार आहेत, ते कसे द्यायचे ते तुम्ही सांगा." एवढं बोलून थांबा. लगेच "तुम्हाला जमेल तसं" म्हणू नका. ते तीन शब्द आपल्याकडच्या बायकांना फार महाग पडलेत.

थकबाकीचं मात्र वास्तव धरून ठरवा. नव्या कामावर लागलेला माणूस वाढीव भाडं आणि महिन्याला चार-पाच हजार मागचे, असं दोन्ही देऊ शकणार नाही. कबूल करेल आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा थकवेल. महिन्याला दोन हजारांप्रमाणे चौदा महिने, किंवा एक महिन्याचं भाडं तुम्ही पूर्ण माफ करून उरलेले एकवीस हजार हप्त्याने. माफ करायचं असेल तर कागदावर तसं लिहा: "जून महिन्याचे भाडे रुपये ७,००० माफ केले." दवाखान्यातल्या रात्रींची परतफेड तुम्हाला करायचीच असेल, तर ती अशी, त्यांना दिसेल अशी करा. डिपॉझिटमधून थकबाकी वळती करून घेऊ नका. जाताना नळ-फरशीचा हिशेब कशातून करणार?

करार करताना आणखी थोडं. भाडं कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यावर, हे लिहा, आणि फोनपे असो की रोख, दर महिन्याला पावती द्या. पावती देणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि तुमच्याच कामाची आहे. खोल्यांचे फोटो काढून ठेवा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात किंवा राज्य पोलिसांच्या पोर्टलवर भरा, सात वर्षांत भरली नसेल तर आता भरा. लाईट बिलाचं तुम्ही लिहिलं नाही, पण पोटमीटरवर चालू असेल तर महावितरणकडून वरच्या मजल्याला वेगळं मीटर घ्या. दोन घरांची युनिट एकाच मीटरवर पडली की दोघंही वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि दर महिन्याला कुरबूर होते.

आणि एक कलम खास तुमच्या घरासाठी: पुराचा इशारा आला आणि खालच्या मजल्याला धोका असला, तर मालकीणबाई आणि त्यांचं सामान वरच्या पुढच्या खोलीत राहील, आणि त्या दिवसांचं भाडं इतकं कमी धरलं जाईल. २०१९ आणि २०२१ मध्ये जे त्यांनी मनाने केलं, ते ठरवून केलेलं बरं. शब्दरचना वकिलाकडून तपासून घ्या. नदीकाठच्या भागातल्या इतर घरमालकांनीही हे कलम घालायला हरकत नाही, आणि खालचा मजला भाड्याने दिला असेल तर उलट, भाडेकरूचं सामान वर कुठे ठेवायचं ते लिहावं.

एवढं करूनही त्यांनी कराराला नाही म्हटलं, तर मात्र परिस्थिती बदलली असं समजा. "सही कशाला, आपलं घरचंच आहे" हे एकदा म्हणणं समजू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्यांदा म्हणाले तर वकिलामार्फत थकबाकीची लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस त्यांना भरायला मिळतात. थकबाकीच्या कारणावरून जागेचा ताबा मागणारा दावा त्यानंतरच लावता येतो. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि दावा दाखल करण्याआधी समोरासमोर बसवून तडजोडही करून देतात. पण तुमच्या पत्रावरून मला ती वेळ येईलसं वाटत नाही.

पहिलं काम मात्र वरच्या मजल्यावरचं नाही. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून यजमानांचंच नाव असेल, तर नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज याच आठवड्यात द्या, कारण त्याला वेळ लागतो. घरफाळ्याचं नावही त्यानंतर बदलून घ्या. मग मुलाला आणि लेकीला एकाच शनिवारी बोलवा, भाड्याचा आकडा तिघं मिळून ठरवा, आणि करारावर मालक म्हणून तिघांचीही नावं घाला.